मोर्तबानंतरची ओळ : कळंबच्या दप्तराला प्रश्न कसा विचारावा?

१/ शिवकालीन अस्सल पत्राच्या अखेरीस एक छोटी मुद्रा दिसते. मजकुराची मर्यादा येथे झाली, असा तिचा अर्थ. त्या मोर्तबानंतर कुणी एखादी ओळ घुसडलीच, तर ती आज्ञा ठरत नसे. आजचा धागा या मोर्तबाविषयी आहे, आणि आता संगणकावर शोधल्या जाणाऱ्या आपल्या दप्तरांविषयी.

२/ सावकारांनीही हुंडीत हीच काळजी घेतली. रक्कम आकड्यांत, मग अक्षरांत, शिवाय तिची निम्मी रक्कम लिहून ‘याची दुप्पट’ असा उल्लेख. शंभरावर एक शून्य चढवू पाहणाऱ्याला ते निम्मे पन्नास आडवे येत. लिहिणाऱ्याचा शब्द आणि परक्याची भर यांत भेद करता आला पाहिजे, हे आपल्या कारकुनांना पुरते ठाऊक होते.

३/ आता मांजरेकाठच्या कळंबकडे वळू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. त्यामुळे या भागाचे दप्तर उर्दू, मोडी आणि देवनागरी अशा तीन लिप्यांत विखुरलेले आहे.

४/ सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जुन्या कागदावरची एक ओळ एखाद्या कुटुंबाच्या प्रमाणपत्राचा आधार ठरू शकते, हे तेव्हा घराघरांत उमगले. अशा कागदांचा शोध चुकीचा चालला, तर त्याची किंमत कोण मोजणार?

५/ समजा, तुमच्यापैकी कुणी आपल्या तालुक्याच्या नोंदी वाचून कोष्टकात भरल्या आणि शोधासाठी चार चौकटी ठेवल्या : गाव, नाव, सन, दस्ताचा प्रकार. कुणी एकच चौकट भरेल, कुणी तीन. भरलेल्या चौकटींनुसार डेटाबेसला द्यायची आज्ञा दरवेळी नव्याने घडते. हीच डायनॅमिक क्वेरी.

६/ या आज्ञांच्या भाषेलाही इतिहास आहे. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती कोष्टकांच्या संबंधांतून मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तिच्यासाठी वाक्यासारखी वाचता येणारी भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली.

७/ वाक्यासारखी आहे, म्हणून ती सोपी. आणि तिथेच धोका. समजा आज्ञा अशी आहे : नोंदी दाखव, जेथे गाव = 'कळंब'. आता चौकटीत कुणी लिहिले : कळंब' किंवा '१'='१. दोन्ही तुकडे नुसते चिकटवले, तर एक हे एकाबरोबर असतेच, म्हणून सगळे दप्तर उघडे पडते. ही मोर्तबानंतर घुसडलेली ओळ. त्या खात्याला लिहिण्याचा अधिकार असेल, तर नोंद बदलू किंवा पुसलीही जाऊ शकते.

८/ डिसेंबर १९९८ मध्ये जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने ‘फ्रॅक’ या नियतकालिकात ही युक्ती उघड केली. पुढे तिला एसक्यूएल इंजेक्शन हे नाव पडले. पाव शतक उलटले, तरी ही चूक अजून होतच आहे.

९/ यावर पुष्कळांचा तोडगा असा की संशयास्पद चिन्हे व शब्द गाळून टाकावेत. मला तो मुळीच मान्य नाही. वसई वा गोव्यातले ‘डिसोझा’ आडनाव रोमन लिपीत लिहिताना त्यात अनेकदा वरची खूण येते. ती गाळली, की नाव बदलले. इतिहासाच्या अभ्यासकाने नक्कल अस्सलाबरहुकूम करायची असते. शोधातही तोच नियम हवा.

१०/ खरा उपाय म्हणजे आज्ञा आणि मूल्य वेगळे पाठवणे. आज्ञेत मूल्याच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह : जेथे गाव = ? ‘कळंब’ हा शब्द स्वतंत्रपणे जातो. मग चौकटीत काहीही लिहिले, तरी डेटाबेस त्याला गावाचे नाव समजतो, आज्ञा समजत नाही. हे आजचे मोर्तब.

११/ चौकटी चार असल्या, तरी रीत तीच. दोन याद्या ठेवा : अटींची आणि मूल्यांची. भरलेल्या प्रत्येक चौकटीमागे एक अट व एक मूल्य वाढवा. रिकामी चौकट सोडून द्या. शेवटी अटी ‘आणि’ने जोडा. कोणत्या स्तंभानुसार क्रम लावायचा, हे मात्र प्रश्नचिन्हाने पाठवता येत नाही. तिथे आधीच ठरवलेल्या नावांच्या यादीतूनच निवड होऊ द्या. शोधाच्या खात्याला केवळ वाचण्याचा अधिकार द्या.

१२/ सुरक्षितता साधली, तरी अचूकता उरते. उर्दूत ‘ळ’साठी स्वतंत्र अक्षर नाही, म्हणून कळंबचे वाचन ‘कलंब’ही होऊ शकते. आता ‘गाव कळंब किंवा गाव कलंब आणि सन १३५०’ असे विचारले, तर यंत्र ‘आणि’ आधी जोडते आणि कळंबच्या सर्व वर्षांच्या नोंदी पुढ्यात टाकते. दोन्ही रूपे कंसात घातली, की प्रश्न नीट होतो.

१३/ शिवाय हा १३५० फसली सन आहे. इसवी सनासाठी त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. जिल्हा जुन्या कागदांत उस्मानाबाद, आज धाराशिव. आणि कळंब नावाचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातही आहे! हे भेद कोड लिहिणाऱ्याला कळले नाहीत, तर पडद्यावर ‘नोंद नाही’ उमटते आणि वाचणारा ते सत्य मानून परत जातो.

१४/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. ‘लहानसेच काम आहे, पुढे सुधारू’ ही सबब दप्तराच्या बाबतीत चालू नये. कागद जळाला, तर निदान राख दिसते. कोष्टकातली बदललेली नोंद दिसतही नाही. दप्तराला प्रश्न विचारणारी ओळ लिहिणे हे दप्तर सांभाळण्याचेच काम आहे, आणि ते मोडी वाचण्याइतक्याच निष्ठेने शिकले पाहिजे.

१५/ तुमच्या गावच्या नोंदी कुणी संगणकावर आणत असेल, तर त्याला एवढेच विचारा : आज्ञा आणि मूल्य वेगळे ठेवले आहेत ना? मोर्तब झाले आहे ना?