भांडण नोंदवहीचं, ताप पोराचा

आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा ‘सीसीएमपी’ अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंद नको, म्हणून इंडियन मेडिकल असोसिएशनने (आयएमए) १८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यभर चोवीस तासांचा संप केला. अशी नोंद करू देणारी कायद्यातली दुरुस्ती २०१४ची. तेव्हापासून आयएमए न्यायालयात. जुलै २०२५मध्ये नोंदणी थांबली तेव्हा होमिओपॅथ मुंबईत आझाद मैदानावर आंदोलनाला बसले.

बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात हे भांडण पोचतं ते कागदाच्या पुडीतून. ऊसतोडीला निघालेली आई तापलेलं पोर घेऊन दवाखान्यात येते. पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. नाव एकीचंही नाही. पाटीवरची पदवी कोण वाचतो? वर्षभराच्या अभ्यासक्रमात अँटिबायोटिकचं तारतम्य येत नाही, हे आयएमएचं म्हणणं आम्हाला पटतं. पण आपले किती सभासद खेड्यात दवाखाना टाकतात, हेही आयएमएने सांगावं.

आयएमएच्या आणि होमिओपॅथांच्या संघटनेच्या बीडमधल्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर कोणता रुग्ण वेळ न दवडता जिल्हा रुग्णालयात पाठवायचा, याची यादी एकत्र बसून करा. आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहा, वाचता येईल असं.