शिक्का कुणाकडे आहे?

मुलांनो, शाळेचा परिपाठ आठवा बरं. घंटा होते, रांगा लागतात, राष्ट्रगीत, प्रार्थना, सुविचार, बातम्या आणि मग वर्ग. संगणकाचाही असाच परिपाठ असतो! बटण दाबल्यावर आधी कोण उठणार, विंडोज कुठून सुरू होणार, विषाणूंवर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम कधी जागा होणार, हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. यालाच ‘स्टार्टअप सेटिंग’ म्हणतात.

हळूहळू ही यादी लांबत जाते. गाण्यांचा प्रोग्रॅम, गप्पांचा प्रोग्रॅम, खेळांचा प्रोग्रॅम, सगळ्यांनाच पहिल्या रांगेत उभं राहायचं असतं! मग संगणक कुरकुरत, रेंगाळत सुरू होतो. तुमच्यातलं कुणीतरी ही यादी छाटायला जातं आणि पडद्यावर पाटी येते : ‘ॲक्सेस डिनाइड’. म्हणजे ‘परवानगी नाही’.

अशा वेळी कुणी तेच बटण दहा वेळा दाबतं, कुणी ‘संगणक बिघडला’ म्हणून ओरडतं. तो मुळीच बिघडलेला नसतो! तो एवढंच विचारतो, ‘तू कोण? तुझ्याकडे शिक्का आहे का?’

इतका कडकपणा कशाला? कारण या परिपाठात घुसणं विषाणूंना फार आवडतं. १९८६ मधला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात लपायचा, म्हणजे संगणक त्या फ्लॉपीवरून सुरू होतानाच तो आत शिरायचा. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ या विषाणूने अनेक देशांतल्या संगणकांवरची माहिती पुसली. काही संगणकांत तर सुरुवातीच्या सूचना असलेली चिपच बिघडवली. त्या काळच्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये असा शिक्का विचारणारं कुणी नव्हतं.

आता ‘परवानगी नाही’ची कारणं एकेक करून शोधू.

पहिलं कारण, खातं. संगणकावर दोन प्रकारची खाती असतात. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे मुख्याध्यापक आणि ‘स्टँडर्ड’ म्हणजे विद्यार्थी. ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘अकाउंट्स’ उघडा, म्हणजे आपलं खातं कोणतं ते कळेल. विद्यार्थ्याचं खातं असेल तर ज्यांच्याकडे मुख्य पासवर्ड आहे त्यांना शेजारी बसवा. ते पासवर्ड घालतील आणि काम होईल.

दुसरं कारण गमतीचं आहे. खातं मुख्याध्यापकांचं, तरीही नकार! असं का? मुख्याध्यापकबाई वर्गावर शिकवत असतात तेव्हा शिक्का कपाटात असतो. दाखल्यावर सही करायची असली, तरच तो बाहेर निघतो. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून संगणकातही हीच पद्धत आहे. रोजची कामं शिक्क्याविना चालतात, महत्त्वाच्या कामाला तो मागून घ्यावा लागतो. म्हणून प्रोग्रॅमच्या चित्रावर उजवं बटण दाबायचं आणि ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडायचं. मग संगणक विचारतो, ‘हो की नाही?’ प्रोग्रॅमचं नाव नीट वाचूनच ‘हो’ म्हणा.

तिसरं कारण, पहारेकरी. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये बदल करताना शिक्का असूनही कधीकधी नकार मिळतो. पुष्कळदा तिथे विषाणूरोधक प्रोग्रॅम आडवा आलेला असतो. बाहेरच्या कुणी आपल्याला बंद करू नये म्हणून तो स्वतःलाच कुलूप लावून घेतो. चांगलंच आहे ते! त्याला यादीतून ओढून काढू नका. खरंच काही बदलायचं असेल, तर मोठ्यांच्या मदतीने त्याच्याच सेटिंगमध्ये जा.

चौथं कारण, संगणक दुसऱ्याचा. शाळेतल्या किंवा आईच्या ऑफिसच्या संगणकाचे नियम ती संस्था ठरवते. तिथे एकच उपाय, तो संगणक सांभाळणाऱ्यांना विचारायचं. ‘कुलूप तोडून देतो’ म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅम मात्र कधीच उतरवून घ्यायचे नाहीत. चोर त्याच वेषात येतो!

परवानगी मिळाली तरी घाई नको. काय बदललं ते आधी वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि संगणक पुन्हा सुरू करून बघा. ‘एमएसकॉन्फिग’मधल्या ‘बूट’ या पानावर ‘सेफ बूट’ची खूण केलीत, तर ती काढेपर्यंत संगणक दर वेळी तसाच, अर्धवट जागा होईल. त्या पानाला एकट्याने हात लावूच नका.

पालकांसाठी दोन शब्द. मुलांना स्वतंत्र ‘स्टँडर्ड’ खातं द्या आणि मुख्य पासवर्ड स्वतःकडे ठेवा. संगणकावर ‘बिटलॉकर’ चालू असेल, तर सुरुवातीची सेटिंग बदलल्यावर तो ४८ आकडी किल्ली मागू शकतो. ती नसेल तर घरातले फोटो आणि कागदपत्रं आतच अडकून पडतात. तेव्हा बदल करण्याआधी ती किल्ली लिहून ठेवलेली आहे ना, हे पाहा. आणि मुलांनी परवानगी मागितली की नुसतं ‘नाही’ म्हणू नका, शेजारी बसा.

या रविवारचा उद्योग : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. विंडोज ८ पासून सुरुवातीच्या प्रोग्रॅमची यादी इथेच ‘स्टार्टअप’ या नावाखाली असते. त्यातली नावं वहीत उतरवा आणि कोणतं कशाचं आहे ते आई-बाबांबरोबर ओळखा. नको असलेल्यावर त्यांना विचारून ‘डिसेबल’ करा. प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त परिपाठाला हजर राहत नाही. जे नाव ओळखता येणार नाही, त्याला हात लावायचा नाही. कबूल?