भाकरी आणि लॅपटॉप
अपूर्णांक शिकवायचे म्हटले की जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या आमच्या ओळखीच्या एक बाई डब्यातल्या भाकरीचे तुकडे करत. यंदा त्यांनी लॅपटॉप उघडला. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला ‘फेट’ हा गणित-विज्ञानाच्या संगणकी प्रयोगांचा प्रकल्प त्यांना सापडला. फुकट, मराठीतही आणि एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालणारा. हा शेवटचा गुण शहरातल्या तज्ज्ञांना किरकोळ वाटेल. पण रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावे लागते तिथे तोच पहिला. पडद्यावर वर्तुळाचे भाग वाढवत नेले तसा एकेक तुकडा बारीक होत गेला. आठ हा चारापेक्षा मोठा, म्हणून अष्टमांशही चतुर्थांशाहून मोठा, असे ठासून सांगणारा मागच्या रांगेतला पठ्ठ्या तेव्हा कुठे गप्प झाला. गुण उधळणारी, टाळ्या वाजवणारी प्रश्नमंजूषेची साधने मात्र बाईंनी दोन दिवसांत गुंडाळली. मुले प्रश्न वाचतच नव्हती, पडद्यावरचे घड्याळ बघत होती. (मला विचाराल तर दोन दिवससुद्धा जास्तच झाले.) भाकरी अजून सुटलेली नाही. वीज गेली की डबा उघडतोच.