नोटीस बजावणारे आणि जागा देणारे

प्रांताची औद्योगिक उन्नती कशी व्हावी, यासंबंधी हल्ली जी सरकारी धोरणे प्रसिद्ध होतात, ती आम्ही पेशामुळे वाचतो. त्यांत बाहेरच्या भांडवलास आमंत्रण असते, करांची सूट असते, सवलतीचा भूखंड असतो. आणि अलीकडे ‘नवसंशोधन’ हा शब्द तर नामस्मरणासारखा पानोपानी येतो. मात्र जो कारागीर आज आपल्याच पेठेत काही नवे करू पाहत आहे, त्यास निदान उठवू तरी नका, असे कलम आम्हांस त्यांत कधी आढळले नाही. आमच्या मते पहिले कलम तेच असावयास हवे.

किर्लोस्करांची कथा बेळगावात अभिमानाने सांगितली जाते. ती शरमेने सांगावयाची आहे. लक्ष्मणराव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे. मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंग नीट ओळखता येईनात म्हणून यांत्रिक रेखनाकडे वळले, तेथेच शिक्षक झाले, आणि हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावास परतले. बंधूंचे सायकलींचे दुकान तेथे १८८८ सालापासून होते. त्या दुकानाच्या आधाराने कडबा कापण्याचे यंत्र निघाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. पहिले काही नांगर खपावयास दोन वर्षे लागली. ज्यास आज परिषदा भरवून शोधतात ते नवसंशोधन हेच की नव्हे?

आणि १९१० साली नगरपालिकेस नवी वसाहत वसवावयाची होती, म्हणून कारखान्याची जागा तिने घेतली. नकाशा सुबक झाला असेल. नांगर करणारा मनुष्य मात्र गावातून गेला.

औंधचे संस्थान केवढे? नकाशावर शाई सांडावी तसे ठिकठिकाणी विखुरलेले. यमाईच्या या गावी बाळासाहेब पंतप्रतिनिधी आदल्याच वर्षी गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंग आणि नाग. पण तेथून कोणी उठवणार नाही, ही शाश्वती होती. त्या माळाचे किर्लोस्करवाडी झाले. तेथे पंप आजही तयार होतात. आणि १९२० साली तेथूनच ते मासिक निघाले, ज्याने मराठी घरांत वाचनाची गोडी लावली. कारखाना गेला की त्यामागून काय काय जाते, याचा हिशेब साहित्यप्रेमी मंडळींनीही करावा.

कोणी म्हणेल, बेळगावचे काय अडले? उद्यमबागेत ओतशाळा आहेत, हट्टरगीस विमानांचे सुटे भाग होतात. खरे आहे, आणि त्याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु हे त्या शहरातल्या हातांचे कौतुक झाले, त्यांना उठवणाऱ्या कारभाराचे नव्हे.

आता थोडे कायद्याविषयी. जुन्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा डोळा मुख्यतः जागेच्या किमतीवर होता. २०१३ च्या नव्या कायद्याने भाडेकरू व कारागीर यांनाही, त्यांची उपजीविका आधीची तीन वर्षे त्या जागेवर अवलंबून असेल तर, बाधित कुटुंब मानले. सुधारणा मोठी आहे. परंतु ती सरकार जमीन घेते तेव्हापुरती. खासगी मालक, सोसायटी किंवा देवस्थान आपला भाडेकरू काढते, तेव्हा हा कायदा दाराबाहेर उभा असतो.

देवस्थान हा शब्द आम्ही सहज लिहिलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या समितीसाठी अशी एक नोटीस आम्हीच लिहिली. देवळाच्या जागेत एक लेथचे वर्कशॉप होते. भाडे क्षुल्लक, आवाज पुष्कळ. समितीस तेथे मोटारींसाठी जागा करावयाची होती. आमचा मसुदा निर्दोष होता. त्या मनुष्याने नारळ सोलण्याचे एक यंत्र जुळवत आणले होते. ते अर्धवट स्थितीतच त्याने टेंपोत चढवले आणि परजिल्ह्यात गेला. आम्ही फी घेतली. नगरपालिकेस नावे ठेवण्यापूर्वी हे सांगणे भाग होते.

सरकारकडे आमची मागणी फार नाही. चालते वर्कशॉप हलवावयाचे तर आधी पर्यायी जागा, तीही वीजजोडणीसह, आणि मग नोटीस. कर्ज देताना केवळ तारण न पाहता हातातले काम पाहावे. औंधकरांनी दुसरे काय पाहिले होते? यास लागणारा पैसा करसवलतीत बुडणाऱ्या महसुलापुढे किती असेल, हे अर्थखात्याने एकदा मांडून दाखवावे.

महाजन मंडळींकडे मात्र मागणी अधिक आहे, कारण येथे मंत्र्याची सही लागत नाही. कासार, सुतार, गुरव, फुलकार यांना जागा लावून देणे ही आपल्या देवळांची जुनी चाल. वेल्डर आणि लेथवाला हे त्यांचेच आजचे भाऊबंद. येत्या वार्षिक सभेत एवढा ठराव व्हावा की, ज्या भाडेकरूच्या हाती हुन्नर आहे त्याची जागा, दुसरी सोयीची जागा दिल्यावाचून, वाहनतळासाठी काढून घेतली जाणार नाही. ठरावाचा मसुदा आम्ही विनामूल्य करून देऊ.