'स्टोइक' आणि 'सोशिक'

मराठी समीक्षेत 'स्टोइक' हे विशेषण फार स्वस्त झाले आहे. कादंबरीतील आई निमूटपणे सारे गिळते, कथेतील शेतकरी नापिकीपुढे मौन धरतो, आणि समीक्षक त्यांच्या वृत्तीला 'स्टोइक' म्हणून मोकळा होतो. 'सोशिक' या शब्दाशी असलेले ध्वनिसाम्यही या घोटाळ्याला हातभार लावत असावे. प्रश्न केवळ एका संज्ञेच्या अचूकतेचा नाही. लादलेल्या मौनाला तत्त्वज्ञानाची प्रतिष्ठा दिली की ते कोणी लादले, हे विचारण्याची गरजच उरत नाही.

इ. स. पू. ३०० च्या सुमारास झेनो अथेन्समधील चित्रांकित स्तंभमंडपात शिकवू लागला. त्या 'स्टोआ'वरून संप्रदायाला नाव मिळाले. या विचाराचा पाया सहनशीलता हा नसून विवेक हा आहे. सद्गुण हेच एकमेव श्रेय. आरोग्य, संपत्ती, कीर्ती या गोष्टी स्वीकारार्ह असल्या तरी श्रेयस्कर नव्हेत. विकार म्हणजे बुद्धीने दिलेला चुकीचा निर्णय. त्यापासूनची मुक्ती म्हणजे भावशून्यता नव्हे. आनंद, सावधता आणि विवेकयुक्त इच्छा या भावना शहाण्या माणसाच्या ठायी त्यांनी मानल्याच आहेत. शोकाला मात्र असे विवेकी प्रतिरूप त्यांनी दिले नाही. येथे हे तत्त्वज्ञान कठोर वाटते, आणि तसे वाटणे रास्तच आहे.

मौनाविषयी त्यांची भूमिका काय होती, हे एपिक्टेटसने सांगितलेल्या एका प्रसंगावरून स्पष्ट होते. (एपिक्टेटस स्वतः एकेकाळी गुलाम होता; त्याची प्रवचने एरियन या शिष्याने टिपून ठेवली.) सम्राट व्हेस्पेशियनने हेल्विडियस प्रिस्कसला सिनेटमध्ये न येण्याविषयी निरोप धाडला. सदस्यत्व काढून घेणे सम्राटाच्या हाती आहे, पण ते आहे तोवर उपस्थित राहणे आपले कर्तव्य आहे, असे त्याने कळविले. निदान गप्प बसावे, अशी सूचना आली, तेव्हा मत विचारले गेल्यास योग्य वाटेल ते सांगावेच लागेल, असे त्याचे उत्तर होते. पुढे त्याला प्राणास मुकावे लागले. ज्यावर आपली सत्ता नाही ते त्याने सोडून दिले, हे खरे. पण ज्यावर आहे, ते तसूभरही सोडले नाही. या दुसऱ्या अर्ध्याचा आपल्या समीक्षेला विसर पडतो.

सोशिकपणाचा गौरव बहुधा स्त्रीपात्रांच्या वाट्याला येतो, म्हणून एपिक्टेटसचा गुरू मुसोनियस रूफस याचे मत येथे महत्त्वाचे ठरते. स्त्रीलाही पुरुषाइतकीच विवेकशक्ती लाभली आहे, तेव्हा तिनेही तत्त्वज्ञानाचे अध्ययन करावे, असे त्याचे प्रतिपादन होते. हेल्विडियसची पत्नी फॅनिया हिची हकीकत धाकट्या प्लिनीच्या पत्रात आहे. डोमिशियनच्या कारकिर्दीत, इ. स. ९३ च्या सुमारास, पतीचे चरित्र लिहविल्याच्या आरोपाची चौकशी झाली. आपणच ते लिहावयास सांगितले, लेखकाला पतीची टिपणेही पुरविली, हे तिने उघड मान्य केले. आपल्या आईला मात्र यातले काही ठाऊक नव्हते, असेही सांगितले. सिनेटने ते चरित्रग्रंथ नष्ट करण्याचा आदेश दिला होता. हद्दपारीत जाताना फॅनियाने ते सोबत नेले.