गाडीचं दार आणि आमची डिग्री

"तू टेलिकॉमला आहेस ना रे? मग सांग की, आवाज असा पोकळ का येतोय?"

बाबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी थर्ड इयरला होतो. फिल्टर्सचा पेपर नुकताच चांगल्या मार्कांनी निघाला होता आणि मला उत्तर येत नव्हतं! व्हायवात गप्प बसलं तर एक्स्टर्नल दोन मार्क तरी टाकतो. बाबा नुसते गाडीकडे बघत राहिले.

झालं असं, की घरच्या छोट्या गाडीतले मूळचे स्पीकर चिरकायला लागले म्हणून बाबांनी साडेपाच हजारांचे कॉम्पोनंट स्पीकर बसवून घेतले. म्हणजे दारात साडेसहा इंची वूफर, वर आरशाजवळ वेगळा ट्वीटर आणि मध्ये क्रॉसओव्हरची डबी. ट्वीटर झकास वाजत होता, पण तबल्यातला डग्गाच गायब. दुकानदार म्हणाला, "साहेब, स्पीकर भारी आहेत, डेकची पॉवर पुरत नाही. अॅम्प्लिफायर टाका, नऊ हजारांत काम होईल." बाबांनी तेव्हा काही ठरवलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या नऊ हजारांत माझी मेस किती महिने चालते, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी आमच्या आळीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. काकांनी पुढच्या दोन्ही जाळ्या काढल्या, डेकमागचा कनेक्टर सोडवला आणि खिशातून पेन्सिल सेल काढला. दीड व्होल्ट, बस्स! उजव्या वायरींना क्षणभर टेकवला, वूफरचा पडदा बाहेर आला. डाव्या वायरींना तसाच टेकवला, तर पडदा आत गेला.

"एक ढकलतोय, एक ओढतोय. तुमच्या कॉलेजात याला काय म्हणतात?"

"१८० डिग्री फेज डिफरन्स," मी म्हणालो. हे मात्र येत होतं राव!

डावीकडच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि डग्गा परत आला. खर्च शून्य. काकांनी चहाचेसुद्धा पैसे देऊ दिले नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, छोट्या गाडीत आधी अॅम्प्लिफायर घेऊ नका. हॉस्टेलमधली धडाम-धडाम मंडळी माझ्यावर चिडतील, चिडू देत. डेकवर ठळक छापलेलं असतं, '४ × ५० वॅट'. जरा कॅल्क्युलेटर काढा. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ५१.८. आले ५० वॅट! पण ही स्क्वेअर वेव्हची पॉवर झाली, म्हणजे आवाज पार फाटल्यावरची. साइन वेव्हला त्याच्या निम्मी, कागदावर २६, प्रत्यक्षात २० च्या आसपास. आता २० चे ४० वॅट केले तर किती वाढतं? ३ डेसिबल. कानाला 'किंचित जास्त' एवढंच कळतं. ८८ ऐवजी ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निवडला तर तेवढंच फुकटात मिळतं. तो आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, वॅट मोठ्या अक्षरात. ही सगळी गणितं आपल्या सिलॅबसमधलीच आहेत हो! ४ ओहमच्या ट्वीटरला ४००० हर्ट्झला तोडायचं तर कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा लागतो, हे कुणीही काढू शकतो. तपकीर गल्लीत जाऊन तो आणून कधी सोल्डर केलाय का, विचारा वर्गात. हात वर येतील तेवढे मोजा.

खरी गंमत दारात आहे. वूफरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागची हवा ओढली जाते, म्हणजे मागून निघणारा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं असतात. त्यांतून तो बाहेर येऊन पुढच्या आवाजाला खातो. काकांनी सेल लावून पकडलेला आजार थोड्याफार प्रमाणात प्रत्येक दाराला जन्मतःच असतो. उपाय म्हणजे भोकं बंद करायची आणि पत्र्यावर ब्युटाइलचे चिकट शीट दाबून बसवायचे. मी दीड हजाराचे शीट आणले, पत्रा थिनरने पुसला आणि आईच्या जुन्या लाटण्याने दोन रविवार दाबत बसलो. (लाटणं स्वयंपाकघरात परत घ्यायला आईने नकार दिला आहे.) खालची बारीक भोकं मात्र उघडीच ठेवली, कारण काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं. दुकानातल्या पोराने आतला प्लास्टिकचा पडदा फाडून टाकला होता. पहिल्याच पावसात दाराच्या खिशातले पीयूसी-इन्शुरन्सचे कागद भिजले, तेव्हा तो कशासाठी असतो ते समजलं. आणि हो, काच पूर्ण खाली करून मगच स्पीकरची खोली मोजा. मॅग्नेटला काच अडली की सगळं मुसळ केरात.

कुणी म्हणेल, हे हौशी लोकांचे उद्योग, यात इंजिनियरिंग कुठे आलं? मग फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये तासन्‌तास कानस घासून आपण जो चौकोनी जॉब करतो, त्यात तरी कुठे असतं? तो सबमिशननंतर कोपऱ्यात गंजत पडतो. त्यापेक्षा डिपार्टमेंटने भंगारातून गाडीचं एक दार आणावं, एक स्पीकर, एक ऑसिलेटर आणि एक मायक्रोफोन द्यावा. भोकं उघडी ठेवून रीडिंग घ्या, बंद करून घ्या, ग्राफ काढा. असा ग्राफ मागच्या बॅचच्या जर्नलमधून छापता येणार नाही, कारण दार दरवर्षी वेगळं! मी हे आमच्या एका सरांना बोलून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "आधी केटी क्लिअर कर." असो.

बाबा आता ऑफिसला जाताना आवाज जरा वाढवूनच ऐकतात. फक्त डाव्या दारातून एका ठरावीक सुराला बारीक खरखर येते. काका म्हणतात लॉकची सळई असेल, मला आर्मरेस्टचा स्क्रू वाटतोय. येत्या रविवारी दार पुन्हा उघडणार आहे.