उजळाईवाडीचे विमान कोणाच्या भरवशावर?

२०२४ मध्ये आलेल्या ‘सरफिरा’ या हिंदी चित्रपटाचा नायक साताऱ्याकडचा म्हात्रे आहे. ज्यांच्यावरून तो बेतला ते कॅप्टन जी. आर. गोपीनाथ मात्र कर्नाटकातले. लष्कर सोडून शेतीत रमलेले आणि २००३ मध्ये ‘एअर डेक्कन’ उभी करणारे. स्वस्त विमानसेवेचे स्वप्न खरे होते आणि चित्रपट संपतो. त्यापुढचा भाग कोल्हापूरकरांनी पाहिला आहे, तोही दोनदा.

आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ हे डेक्कनचे बोधचिन्ह होते. एक रुपयाच्या तिकिटांनी ती गाजली. प्रवासी वाढले, तसा तोटाही. २००७ मध्ये ती विजय मल्ल्यांच्या हाती गेली. मल्ल्यांचा डोळा स्वस्त प्रवासावर नव्हताच. पाच वर्षे देशात सेवा दिल्याखेरीज परदेशी उड्डाण नाही, असा तेव्हा नियम होता आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या किंगफिशर विमान कंपनीकडे ती वर्षे नव्हती. डेक्कनकडे होती. २००८ मध्ये किंगफिशर लंडनला पोहोचली. इकडे ‘कॉमन मॅन’ गेला, डेक्कनचे नाव पुसले गेले, आणि २०१२ मध्ये सगळा डोलाराच कोसळला. कोल्हापूरचे मुंबई विमान त्याआधीच, २०११ मध्ये बंद पडले होते.

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेला कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ २०११ नंतरची काही वर्षे नियमित प्रवासी सेवेविना पडून राहिला.

मग छोटी शहरे विमानाने जोडणारी केंद्राची ‘उडान’ योजना आली. गोपीनाथ यांनी डेक्कनचे जुने नाव पुन्हा बाहेर काढले आणि एप्रिल २०१८ मध्ये जेमतेम दीड डझन आसनांचे विमान कोल्हापुरात उतरले. स्वागत जोरात झाले. पण फेऱ्यांचा मेळ काही बसला नाही. मुंबईत उतरण्याची वेळ मिळवणे हीच लढाई होती. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत कंपनीने कामकाज थांबवले आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवले. मुंबई मार्गावर २०१९ मध्ये आलेली ट्रूजेटही २०२२ च्या सुरुवातीला जमिनीवर आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टार एअरने हा मार्ग हाती घेतला. ही कंपनी जयसिंगपूरच्या घोडावत समूहाची, म्हणजे घरचीच. तरीही जिल्ह्याने एकाच कंपनीच्या तब्येतीवर विसंबून राहावे का?

बंद पडलेल्या विमान कंपनीला पुन्हा उभे करणे किती अवघड असते, हे जेट एअरवेजने दाखवले. १९९३ पासून उडणारी ही कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. नवे मालक ठरले, २०२२ मध्ये उड्डाण परवानाही परत मिळाला. पैसा मात्र ठरल्याप्रमाणे आला नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. दरम्यान तिच्या मुंबईतल्या वेळा इतर कंपन्यांत वाटल्या गेल्या होत्या. विमान कंपनीची खरी दौलत या वेळांतच असते. विमाने तर बहुधा भाड्याचीच.

‘उडान’चा हिशेबही फारसा उत्साहवर्धक नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली. त्यानंतरही टिकले ते ५४. अनुदान संपले की विमानही संपते, असा हा मामला आहे. दोष केवळ कंपन्यांचा नाही. मार्ग मंजूर करताना मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर सोयीची वेळ मिळेल की नाही, याची हमी सरकारने घेतली नाही.

कोल्हापूरची गरज आता वाढली आहे. ऑगस्ट २०२५ पासून येथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू आहे. गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजीच्या उद्योजकांना सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परतायचे असते. मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत मिळाली. नवी मुंबईचा विमानतळही झाला आहे. तेव्हा जिल्ह्यातील खासदार-आमदारांनी नव्या कंपनीच्या पहिल्या फेरीला हार घालण्याआधी केंद्राकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: मुंबई किंवा नवी मुंबईतील सकाळ-संध्याकाळच्या वेळा कोल्हापूरच्या नावे राखून ठेवा. एक कंपनी बुडाली, तर त्याच वेळा दुसरीला महिनाभरात देता आल्या पाहिजेत.